चित्रं सुंदर, पण... : कलात्मक कोड्यांच्या गेमने निराश केलं तर काय करायचं

कलात्मक कोड्यांच्या गेमवरचे नाराज रिव्ह्यू मी आवडीने वाचते. त्यांची पहिली अर्धी ओळ जवळपास ठरलेली असते: "चित्रं अप्रतिम, संगीत तर क्या बात है, पण..." या 'पण'च्या आधीचं सगळं सोडून द्या, कामाचं काय ते त्याच्या पुढे असतं. "पण दोन तासांत संपला." "पण एका कोड्यावर जो अडकलो तो आजतागायत." "पण शेवट काही कळलाच नाही." "पण खेळताना मळमळायला लागलं." या चार तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीवरचा इलाज वेगळा आहे. लोक मात्र सगळ्यांची एकच मोट बांधतात, 'पैसे वाया गेले' म्हणतात आणि गेम अनइन्स्टॉल करून मोकळे होतात.

म्हणून पहिली पायरी ही: स्वतःचा 'पण' पुरा करा. एका वाक्यात, आणि जमलं तर कागदावर. "मजा नाही आली" हे वाक्य चालणार नाही. कुठे येईनाशी झाली, कशामुळे, हे त्यात आलं पाहिजे. मी कोड्यांच्या गेमसाठी चौकटीची वही वापरणारी बाई आहे. माझा भाचा त्या वहीला हसतो आणि अडकला की तीच वही मागतो. तिच्यात अर्ध्या पानांवर कोड्यांचे नकाशे आहेत आणि उरलेल्या पानांवर असे 'पण'. बऱ्याचदा वाक्य पुरं करतानाच लक्षात येतं की गेम ठीक आहे, आपण मागत होतो ते त्याच्यात कधी नव्हतंच. काही वेळा उलटही होतं. वाक्य लिहून झाल्यावर राग वाढतो, कारण खोट खरोखर गेममध्येच असते.

घ्यायच्या आधी

ट्रेलरवर जाऊ नका. ट्रेलर दीड मिनिटाचा, आणि बऱ्या कोड्याला दहा मिनिटं डोकं खाजवावं लागतं. मग ट्रेलरमध्ये चित्रंच दिसणार, दुसरं दाखवणार काय? त्याऐवजी कुणीतरी न कापता टाकलेला खेळाचा व्हिडिओ काढा, सरळ मध्यावर जा, आवाज बंद करा आणि पाच मिनिटं फक्त एवढं बघा की खेळणाऱ्याचे हात काय करतायत. ते एका क्रियापदात सांगता आलं पाहिजे. 'द विटनेस'मध्ये रेघ ओढायची. 'ब्रेड'मध्ये काळ मागे फिरवायचा. 'बाबा इज यू'मध्ये शब्दांचे ठोकळे ढकलून नियमच बदलायचे. आता स्वतःला विचारा, हे एवढंच काम मला पाच तास करायला आवडेल का? उत्तर 'चित्रं छान आहेत म्हणून चालेल' असं आलं, तर घेऊ नका. चित्रांची नवलाई पहिल्या अर्ध्या तासात ओसरते.

चित्र आणि कोडं एकजीव असलं की काय होतं ते बघायचं असेल तर 'गोरोगोआ' बघा. 2017 साली आलेला हा गेम जेसन रॉबर्ट्स या माणसाने कित्येक वर्षं बसून हाताने चितारला. पडद्यावर चार चौकटी, दोन वर आणि दोन खाली. एका चौकटीत दार असतं. ते दार धरून बाजूच्या रिकाम्या जागेत ओढलं की चित्राचा वरचा थर सुटून येतो आणि खाली वेगळंच दृश्य उरतं. हातात राहिलेलं मोकळं दार दुसऱ्या चित्रावर नेऊन ठेवलं, की गेममधला मुलगा त्या दारातून चालत थेट त्या दुसऱ्या चित्रात शिरतो. इथे चित्र काढून घेतलं तर कोडं शिल्लकच राहत नाही. आता याच कसोटीवर तुम्हाला भुरळ पाडणारा गेम घासून बघा. त्याची सगळी चित्रं पुसून जागी करडे ठोकळे ठेवले तर खेळ तसाच्या तसा राहतो का? राहत असेल, तर त्या ठोकळ्यांत दम आहे का, एवढंच बघायचं उरतं. पुष्कळ देखण्या गेममध्ये तो नसतो: कळ दाबा, दार उघडा, खोका सरकवा.

याच्या दुसऱ्या टोकाला 'स्टीफन्स सॉसेज रोल' आहे. 2016चा गेम, दिसायला अगदी ओबडधोबड, आणि किंमत तीस डॉलर. हातात काटा घेतलेलं एक पात्र सॉसेज लोटत जाळीवर नेतं. प्रत्येक सॉसेज दोन घरं व्यापतो, त्याला दोन बाजू, आणि प्रत्येक भाग एकदाच भाजायचा. दुसऱ्यांदा जाळीला लागला की करपला. बस, एवढंच. पण कोड्यांचे दर्दी लोक या गेमला फार मानतात. सांगायचं कारण, देखणेपणा आणि खोली यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. आपण मात्र देखणा गेम दिसला की तो खोलही असणार असं गृहीत धरतो, आणि निम्मी निराशा तिथेच विकत घेतो.

लांबीची चौकशी आधीच करून टाका. 'मॉन्युमेंट व्हॅली' 2014च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा त्यात दहा अध्याय होते. एका बैठकीत संपायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आठ नवे अध्याय आले, तेही वेगळे पैसे मोजून, आणि एक तारा देणाऱ्यांची झुंबड उडाली. नवे अध्याय वाईट आहेत असं त्यातलं फारसं कुणी म्हणत नव्हतं. ते फुकट यायला हवे होते, एवढंच म्हणणं. 'ब्रेड' 2008मध्ये पंधरा डॉलरला आला तेव्हाही कोड्यांच्या आधी किमतीवरच वाद झाला होता. माझं मत विचाराल तर तासाला किती पैसे पडले हा हिशोब कोड्यांच्या गेमला लावूच नये. सुचण्याचा एक क्षण आणि रिकामी पायपीट या दोन्हींची वेळ घड्याळात सारखीच भरते. पण हिशोब लावायचाच असेल तर खरेदीच्या आधी लावा. नंतर लावलात तर चिडचिडीशिवाय हाती काही लागत नाही.

रिव्ह्यूंच्या टक्केवारीबद्दलही थोडं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 'नव्वद टक्के' दिसतं तेव्हा गेमला शंभरपैकी नव्वद गुण मिळालेत असं वाटतं. तसं नाही. शंभरातल्या नव्वद जणांनी 'घ्या' म्हटलंय, एवढाच त्याचा अर्थ. त्यातल्या ऐंशी जणांना गेम जेमतेम बरा वाटलेला असू शकतो. प्रत्येक रिव्ह्यूवर खेळलेले तास दिलेले असतात, ते बघत जा. मी आधी नाराज रिव्ह्यू काढते, त्यातही ज्यांनी बरेच तास खेळून मग नापसंती दिली आहे त्यांचे. त्यांना नेमकं काय खटकलं ते माहीत असतं. वीस मिनिटं खेळून 'मास्टरपीस' लिहिणाऱ्याला फक्त चित्रं दिसलेली असतात.

पहिले दोन तास

स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळण्याचे दोन तास भरायच्या आत रिफंड मागता येतो. कोड्यांच्या गेममध्ये या दोन तासांची एक गोम आहे. गेम उघडा ठेवून तुम्ही नुसते विचार करत बसलात तरी घड्याळ चालूच असतं. तेव्हा कोडं वहीत उतरवा, गेम बंद करा आणि मग विचार करा. एरवीही ही सवय चांगली.

या दोन तासांत बघायचं काय? मी दोनच गोष्टी बघते. गेमने एक तरी नवी गोष्ट मला न सांगता शिकवली का? आणि एका तरी कोड्यावर माझी समजूत बदलली का? म्हणजे 'हे असं चालतं' असं धरून चालले होते आणि ते तसं चालत नव्हतं, असं एकदा तरी झालं का? दोन्ही उत्तरं 'नाही' आली तर बिनदिक्कत परत करा. पुढे सुधारेल या आशेवर बसू नका; कोडी रचणारा माणूस आपली चुणूक सुरुवातीलाच दाखवतो.

'गोरोगोआ'सारखा गेम दोनेक तासांत अख्खा संपू शकतो. पुरा खेळून, आवडून, वर नियमात बसतंय म्हणून पैसे परत घेणं मला पटत नाही. नियमात बसतं, एवढं मात्र खरं.

अडकलात तर

बहुतेक निराशा इथली असते, म्हणून इथे जरा थांबू. अडकणं तीन तऱ्हेचं असतं आणि तिन्हीत डोकं सारखंच तापतं. त्यामुळे आपण कुठल्या तऱ्हेने अडकलोय ते ओळखायला लोक विसरतात.

पहिली तऱ्हा: नियमच कळलेला नाही. 'द विटनेस' (2016) हा या दुखण्याचा बादशहा. अख्ख्या बेटावर पॅनेलं लावलेली, प्रत्येकावर रेघ ओढून सुरुवातीपासून शेवटापर्यंत जायचं, आणि नियम सांगणारा एक शब्दही कुठे नाही. सुरुवातीच्या भागात काळ्या-पांढऱ्या चौकोनांची पॅनेलं एका रांगेत लागतात. पहिली दोन-तीन सोडवली की मनात पक्कं बसतं: काळे रेघेच्या एका बाजूला, पांढरे दुसऱ्या बाजूला. मग असं पॅनेल येतं की पांढरे दोन विरुद्ध कोपऱ्यांत आणि मध्ये काळे. 'दोन बाजू' करून ते सुटतच नाही. इथे बरेच जण गेमला शिव्या घालतात. इलाज असा: तुम्ही मनात धरलेला नियम कागदावर लिहा. मग रांगेत मागे जा आणि सोडवलेल्या प्रत्येक पॅनेलशी तो ताडून बघा. 'दोन बाजू' हे शब्द तुम्ही स्वतःच घुसडलेत, हे लिहिताना दिसतं. पॅनेलांचं म्हणणं इतकंच होतं की एका कप्प्यात दोन रंग नकोत. कप्पे किती करायचे यावर बंधन नव्हतंच. रेघ कडेला टेकवली की तिसरा कप्पा तयार होतो. हे मी सांगून टाकलं, पण अगदी सुरुवातीचं आहे, बिघडत नाही.

दुसरी तऱ्हा: नियम कळलाय, चाल सुचत नाही. इथे पुढून विचार करून कंटाळा आला असेल तर मागून करा. शेवटच्या क्षणी कुठली वस्तू कुठे असायला हवी? त्याच्या आधीच्या क्षणी? 'ब्रेड'मध्ये दर जगात काळाचा एक नियम बदलतो. एका जगात हिरव्या प्रकाशाने चमकणाऱ्या वस्तूंवर काळ मागे फिरवण्याचा काहीच परिणाम होत नाही. समजा, खोल खड्ड्यात चमकणारी किल्ली आहे आणि खड्ड्यातून वर यायला वाट नाही. पुढून विचार केला तर 'वर कसं येऊ' यावरच गाडी अडते. मागून विचार करा: मला वर, खड्ड्याच्या काठावर असायचंय आणि किल्ली हातात हवी. काठावर मी कधी होते? उडी मारायच्या आधी. मग मारा उडी, घ्या किल्ली, फिरवा काळ मागे. तुम्ही काठावर परत येता, किल्ली मात्र हातातच राहते. अशा वेळी जो आनंद होतो त्याच्यासाठी तर हे सगळे उपद्व्याप!

तरीही नाही सुटलं तर पुढे चालू लागा. 'ब्रेड'मध्ये बऱ्याच ठिकाणी कोडं न सोडवता सरळ दारापर्यंत चालत जाता येतं. 'द विटनेस'मध्ये बेटाचे अकरा भाग आहेत आणि प्रत्येक भाग सुटला की एक लेझर पेटतो, पण शेवटाकडे नेणाऱ्या डोंगराचा दरवाजा उघडायला सातच लागतात. म्हणजे चार भाग तुम्हाला मुळीच न जमले तरी गेम तुम्हाला शेवटाकडे जाऊ देतो. ही सूट निर्मात्यांनी विचार करून ठेवलेली असते, ती घेतली तर कमीपणा येत नाही. एका कोड्यापुढे मुक्काम ठोकून चिडत बसणारे लोक नंतर 'गेम रटाळ आहे' असं लिहितात, तेव्हा मला वाटतं, अहो, पलीकडे अख्खं बेट मोकळं पडलं होतं.

तिसरी तऱ्हा सगळ्यात चीड आणणारी: जे बघायला हवं ते दिसलेलंच नाही. इथे कितीही विचार केला तरी व्यर्थ, कारण विचारांना कच्चा मालच मिळालेला नाही. पडद्याचा उजेड वाढवा, हेडफोन लावा, खोलीत एक फेरी अगदी सावकाश मारा आणि दिसेल त्या प्रत्येक वस्तूचं नाव मोठ्याने म्हणा. वेड्यासारखं वाटतं, पण 'घड्याळ, खुर्ची, जिना, जिन्याखाली... हे काय?' असं होतंच. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (2018) या बाबतीत सज्जन आहे. जहाजावरच्या साठ जणांचं काय झालं ते शोधायचं असतं, आणि ज्या माणसाबद्दल पुरेसं बघून झालेलं नाही त्याचा चेहरा गेममधल्या वहीतल्या चित्रात धूसर दिसतो. धूसर चेहऱ्यावर डोकं फोडू नका, आधी हिंडा. चेहरा स्वच्छ झाला आणि तरी नाव सुचत नाही, तर मग संवाद सोडून बूट बघा, खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांवरचे आकडे बघा. तीन जणांचं बरोबर जुळलं की गेम ते पक्कं करतो, त्यामुळे दोन खात्रीचे आणि एक अंदाज अशी जोडी लावत गेलात तर अंदाजही पडताळता येतो. तसं करणं म्हणजे लबाडी, असं काही जण म्हणतात. म्हणोत.

चौथीही एक तऱ्हा हल्ली वाढली आहे, ती म्हणजे नशिबाची. 'ब्लू प्रिन्स' (2025) मध्ये प्रत्येक दारापुढे तीन खोल्यांमधून एक निवडायची आणि घर मांडत मांडत सेहेचाळिसावी खोली गाठायची. काय करायचं ते कळलेलं असतं, पण हवी ती खोली येतच नाही. या गेमवर लोक वैतागले ते बव्हंशी यामुळे. एकच लक्ष्य घेऊन गेममधला दिवस सुरू केलात तर वैतागणारच. माझ्या वहीत अशा गेमसाठी लक्ष्यांची यादी असते: अमुक खोली आली तर हे तपासायचं, नाही आली तर ते. एका दिवसात यादीतलं एकही खोडलं गेलं नाही असं क्वचित होतं. तरीही होत असेल, तर गेम तुमचा वेळ खातोय, आणि तसं म्हणायला हरकत नाही.

हिंट घ्यावी का? जरूर घ्यावी, पण चमच्याने. इन्फोकॉम ही कंपनी 1980च्या दशकात चित्रांशिवाय नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या आपल्या गेमसाठी हिंटच्या पुस्तिका विकायची. त्यांत उत्तरं अदृश्य शाईने छापलेली असत. सोबतचा खास मार्कर फिरवला की एकेक ओळ उमटायची. आधी नुसती कोपरखळी, मग जरा जास्त, शेवटी उत्तर. पद्धत इतकी शहाणी होती की त्यानंतर कुणी तिच्या पुढे गेलंय असं मला वाटत नाही. आजच्या वॉकथ्रूच्या, म्हणजे अख्खा गेम सोडवून दाखवणाऱ्या, व्हिडिओचा घोळ असा की एक हिंट बघायला जावं आणि पुढच्या तीन कोड्यांची उत्तरं डोळ्यांत घुसतात. व्हिडिओपेक्षा लिहिलेली मदत घ्या आणि खालच्या ओळी हाताने झाका. त्याहून बरं म्हणजे तो गेम खेळलेल्या माणसाला विचारा. पण उत्तर विचारू नका. भाच्याने या कलेत मला मागे टाकलंय. त्याचा फोन येतो तो असा: "मावशी, उत्तर सांगू नकोस हं. मी बरोबर खोलीत आहे का, आणि लागतं ते सगळं माझ्याकडे आहे का, एवढंच सांग." या दोन प्रश्नांची 'हो' किंवा 'नाही' अशी उत्तरं मिळाली की आपण कुठल्या तऱ्हेने अडकलोय ते लगेच कळतं, आणि सोडवण्याचा आनंदही शाबूत राहतो.

'ब्रेड'च्या निर्मात्याने, जोनाथन ब्लोने, अधिकृत वॉकथ्रू म्हणून जे प्रसिद्ध केलं त्यात उत्तरं नव्हतीच; वॉकथ्रू वापरू नका, स्वतः सोडवा, असा उपदेश होता. मुद्दा पटण्यासारखा आहे. सूर नाही पटला मला.

सगळं शंभर टक्के पुरं करायचा अट्टाहास मात्र सोडा. 'ब्रेड'मध्ये लपलेले तारे आहेत, त्यातल्या एकासाठी एक ढग सरकत येईपर्यंत जवळजवळ दोन तास वाट बघावी लागते. 'फेझ' (2012) मध्ये बत्तीस घन जमले की शेवटाचं दार उघडतं. त्याच्यापुढे गुप्त लिपी आहे, सांकेतिक भाषा आहे, आणि एका काळ्या शिळेचं कोडं तर लोकांनी शेकड्याने एकत्र येऊन, एकामागून एक शक्यता तपासून कसंबसं फोडलं. ते वेडाने झपाटलेल्यांसाठी आहे. तुम्ही तसे नसाल तर पहिल्या शेवटावर गेम संपला असं समजा.

अंगाला त्रास होत असेल तर

मळमळ, डोकं जड होणं, रंग ओळखू न येणं, आवाजातला फरक न कळणं, यातलं काहीही असेल तर स्वतःला दोष देऊ नका. पात्राच्या डोळ्यांतून बघत चालायच्या गेममध्ये सेटिंगमध्ये जाऊन दृष्टीचा आवाका वाढवा, चालताना कॅमेरा हलतो ते बंद करा, आणि पडद्यापासून लांब बसा. 'द विटनेस'मध्ये एक भाग पक्ष्यांच्या आवाजाच्या चढउतारांवर आहे आणि काही पॅनेलं रंगांवर. ऐकू कमी येत असेल किंवा रंगांत फरक कळत नसेल, तर तिथे सरळ उत्तर बघून पुढे जा. कोडं तुमच्या बुद्धीसाठी आहे, कानाच्या तपासणीसाठी नाही. आणि रिव्ह्यू लिहाल तेव्हा हे पहिल्या ओळीत लिहा. सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

शेवट कळला नाही तर

'लिंबो' (2010) आणि 'इनसाइड' (2016) एक शब्द न बोलता संपतात. 'ब्रेड'चा शेवट कुणाला तुटलेल्या प्रेमाची गोष्ट वाटतो, कुणाला अणुबॉम्बची. गेम संपल्या संपल्या लोक 'शेवटाचा अर्थ' शोधायला पळतात. पाच मिनिटं थांबा. आधी स्वतःच्या दोन ओळी लिहा: मला काय वाटलं, आणि कुठल्या दृश्यामुळे वाटलं. चुकीचं असो, बाळबोध असो, लिहा. एकदा का दुसऱ्याचं लांबलचक विश्लेषण ऐकलं की तुमचं त्यात विरघळून जातं आणि मग गेम आवडला की ते विश्लेषण, हेही सांगता येत नाही.

त्या दोन ओळी लिहायला काही सापडलंच नाही, तर आणखी एक तपासा. तुम्ही हातांनी जे करत होता त्याचा आणि गोष्टीचा काही संबंध होता का? 'ब्रेड'चा नायक झालेल्या चुका पुसू बघतो, आणि तुम्ही सारखा काळ मागे घेत असता. गोष्ट आवडो न आवडो, हात आणि गोष्ट एकाच दिशेला चालतात. आता असा गेम घ्या की जिथे खोके सरकवायचे आणि मध्ये मध्ये एक उदास आवाज विरहाबद्दल बोलतो. खोक्यांचा आणि विरहाचा संबंध काय? नसेल, तर तुम्हाला 'कळलं नाही' असं नाही. तिथे कळण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं. संथ पियानो आणि धुकं घातलं की अर्थ आपोआप येतो असं मानणारे निर्माते आहेत. त्यांच्यापुढे आपण अडाणी ठरू या भीतीने गप्प बसू नका.

नाराजी लिहायची कशी

एका जलरंगातल्या गेमवर, नाव नको, मी आधी असं लिहिलं होतं: "दिसायला सुंदर, खेळायला कंटाळवाणा. निराशा झाली." वाचून कुणाला काही कळलं नसतं. मग पुसून असं लिहिलं: "आरशातलं प्रतिबिंब उलट चालतं ही कल्पना पहिल्या तीन प्रकरणांत फुलते. चौथ्यापासून नवा नियम येत नाही, तीच कोडी मोठ्या खोल्यांत परत येतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालण्यातच वेळ जातो. कंट्रोलरवर खेळले, दोनदा आरसा भिंतीत अडकून प्रकरण पहिल्यापासून करावं लागलं. चित्रांसाठी स्वस्तात मिळाला तर घ्या." पहिल्या रिव्ह्यूवर निर्माता खांदे उडवू शकतो. दुसऱ्यावर त्याला आरशाचा दोष तरी दुरुस्त करता येतो, आणि वाचणाऱ्याला आपल्याला काय चालेल ते ठरवता येतं.

कुठे ओसरलं, कशावर खेळलात, किती वेळ खेळलात, हे लिहा. किंमत वेगळ्या वाक्यात लिहा, कारण सेल लागला की ते वाक्य जुनं होतं आणि बाकीचं टिकतं. कोड्यांची उत्तरं फोडू नका. निर्मात्याच्या वाटेला जाऊ नका. असे गेम पुष्कळदा एक-दोन माणसांनी वर्षानुवर्षं खपून केलेले असतात आणि शिव्यांनी कोडी सुधारत नाहीत.

दुसऱ्याला सुचवताना

तुमच्या नाराजीचं वाक्य हाती असेल तर पुढचा गेम निवडणं सोपं जातं. 'कोडी फार सोपी' असं असेल तर 'बाबा इज यू' घ्या. तो तुम्हाला सोडणार नाही. 'सारखी अडकले' असं असेल तर 'कोकून' (2023): 'लिंबो' आणि 'इनसाइड'ची कोडी रचणाऱ्या जेप्पे कार्लसनचा गेम, आणि तो तुम्हाला फार भरकटू देत नाही. 'गोष्टीचा आणि कोड्याचा मेळ नाही' असं असेल तर 'ओब्रा डिन'. 'लवकर संपला' असं असेल तर 'द विटनेस', महिनाभर पुरेल.

आणि तुम्हाला न आवडलेला गेम मित्राला आवडेल असं वाटलं, तर तीनच गोष्टी सांगा: हातांनी काय करायचं असतं, साधारण किती वेळ लागतो, आणि कुठल्या भागापासून अवघड होतो. 'चित्रं सुंदर आहेत' हे सांगायची गरज नाही. ते त्याला ट्रेलरमध्ये दिसेलच.